हेन्री शेफलिनची दहा पदके: त्याची किती आणि किलकेनीची किती?

मध्यरेषा (धागाकर्ता)

आयर्लंडमध्ये हर्लिंगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, असा वाद निघाला की किलकेनी काउंटीचा माणूस फार बोलत नाही. तो एकच आकडा पुढे करतो आणि गप्प बसतो. तो आकडा दहा. हेन्री शेफलिन याने २००० ते २०१४ या काळात ऑल-आयर्लंड अजिंक्यपदाची दहा पदके मिळवली आणि ती सगळी प्रत्यक्ष मैदानात उतरून मिळवली. त्यापूर्वी कॉर्कचे क्रिस्टी रिंग आणि टिपेररीचे जॉन डॉयल यांच्या नावावर मैदानात खेळून मिळवलेली प्रत्येकी आठ पदके होती, आणि तो विक्रम कोणी मोडेल असे कित्येक दशके कोणाला वाटत नव्हते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू असतात, हातात अ‍ॅश लाकडाची हर्ली असते आणि स्लिटर नावाचा कातडी चेंडू बहुतेक वेळ हवेतच असतो. गोलखांबांचा आकार इंग्रजी एच अक्षरासारखा असतो. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण, आणि दांडीवरून गेला तर एक गुण. धावफलकावर २-१३ असे लिहिले असेल तर दोन गोल आणि तेरा गुण, म्हणजे एकूण एकोणीस, असे वाचायचे. काउंटीचा ज्येष्ठ, म्हणजे मुख्य, संघ सत्तर मिनिटे खेळतो आणि खेळाडूंना त्याबद्दल एक पैसाही मानधन मिळत नाही.

माझा मुद्दा या शेवटच्या वाक्यापासून सुरू होतो. येथे खेळाडूंचा लिलाव होत नाही आणि संघ बदलण्याची पद्धत जवळजवळ नाहीच. ज्या गावात वाढलात त्या गावच्या क्लबकडून आणि त्या काउंटीकडून खेळायचे, हाच दंडक आहे. शेफलिन बॅलीहेल या लहानशा गावात वाढला आणि ते गाव किलकेनीत आहे. ते वॉटरफर्ड काउंटीत असते तर त्याची कारकीर्द कदाचित एकाही पदकाविना संपली असती. म्हणून त्याचा मोठेपणा मोजण्यासाठी दहा हा आकडा उपयोगाचा नाही, असे माझे मत आहे. जाणकारांनी आपापले म्हणणे मांडावे.

शंकेखोर

हे माप चालत नसेल तर दुसरे कोणते चालते, ते सांगितल्याशिवाय धागा अर्धवट आहे.

काळीपिवळी

धागाकर्त्यांनी किलकेनीच्या माणसाला गप्प बसवले आहे, तेव्हा मला बोलणे भाग आहे. मी किलकेनी शहरात राहते आणि काळ्यापिवळ्या उभ्या पट्ट्यांची जर्सी आमच्या घरात चौघांकडे आहे. (मुंबईची टॅक्सी अंगावर घातल्यासारखी दिसते, हा विनोद नातेवाइकांकडून ऐकून झालेला आहे, त्यामुळे येथे कोणी तसदी घेऊ नये.)

आधी त्याची कारकीर्द क्रमाने पाहू, कारण ‘दहा पदके’ म्हटले की ती ओळीने घरात चालत आली असे वाटते. शेफलिन १९९९ मध्ये काउंटीच्या ज्येष्ठ संघातून प्रथम खेळला आणि त्याच वर्षी भर पावसातल्या अंतिम सामन्यात किलकेनी कॉर्ककडून ०-१३ विरुद्ध ०-१२ अशी एका गुणाने हरली. २००० मध्ये ऑफलीचा धुव्वा उडवून पहिले पदक मिळाले. २००१ मध्ये उपांत्य सामन्यात गॅलवेने घरी पाठवले. २००२ आणि २००३ ही दोन वर्षे आमची होती. २००४ मध्ये कॉर्कने अंतिम सामन्यात आम्हाला केवळ नऊ गुणांवर रोखले, आणि २००५ मध्ये गॅलवेने उपांत्य सामन्यात पाच गोल घातले. त्या हिवाळ्यात किलकेनीचा काळ संपला असे लिहिले जात होते. त्यानंतर २००६ ते २००९ अशी सलग चार अजिंक्यपदे आली. २०१० मध्ये टिपेररीने पाचवे हिरावून घेतले, २०११ आणि २०१२ पुन्हा आमची आणि २०१४ हे शेवटचे.

या साऱ्या काळात अजिंक्यपद स्पर्धेच्या ७१ सामन्यांत त्याने २७-४८४ अशी कमाई केली, म्हणजे ५६५ गुण. सामन्याला सरासरी आठ गुण पडतात. हे आठ गुण किलकेनी काउंटीने नव्हे, एका माणसाने केले आहेत. आता बोला.

हॉकीवेडा

आकडा मोठा आहे, यात शंका नाही. तथापि त्या ५६५ पैकी किती गुण फ्रीवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या चुकीबद्दल मिळालेल्या मोकळ्या फटक्यावर, आले, हे वेगळे करून पाहायला हवे. फ्री मारणारा खेळाडू संघात एकच असतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक चुकीचा गुण त्याच्या खात्यावर जमा होतो. हॉकीत पेनल्टी कॉर्नर मारणाऱ्याची गोलसंख्या अशीच फुगते आणि त्यासाठी धडपडून कॉर्नर मिळवून देणारा मात्र कोठेच नोंदला जात नाही.

काळीपिवळी

फ्री मारणे म्हणजे जणू बँकेच्या खिडकीवर जाऊन पैसे काढणे, असे आपण लिहिले आहे. चेंडू जमिनीवर स्थिर असतो, हाताने उचलता येत नाही, हर्लीच्या पात्याने तो उचलून हवेत असतानाच मारायचा असतो, आणि ८२,००० लोक त्या वेळी शांत बसलेले नसतात. एकदा परसात प्रयत्न करून पाहावा. काचा असलेल्या बाजूला नको.

रिबेलकाठ

कॉर्कमधून नमस्कार. येथे शेफलिनचे नाव घेतले की लोक आदराने मान डोलावतात आणि लगेच रिंग यांच्याविषयी बोलू लागतात.

क्रिस्टी रिंग १९२० साली क्लॉईन गावात जन्मले आणि १९३९ पासून १९६३ पर्यंत, म्हणजे दोन तपे, कॉर्कच्या ज्येष्ठ संघात होते. आठ पदके: १९४१ ते १९४४ ही सलग चार, १९४६, आणि मग १९५२ ते १९५४ ही सलग तीन. त्यांपैकी तीन वेळा ते कर्णधार होते. मन्स्टर प्रांताकडून रेल्वे कप या आंतरप्रांतीय स्पर्धेची १८ पदके त्यांनी मिळवली, त्या आकड्याच्या जवळपासही कोणी नाही. पोटासाठी ते तेलाचा टँकर चालवीत. १९७९ च्या मार्च महिन्यात ते अचानक गेले, तेव्हा त्यांच्या दफनविधीच्या वेळचे भाषण देशाचे पंतप्रधान जॅक लिंच यांनी केले. आणि लिंच हे १९४० च्या दशकातले त्यांचे कॉर्क संघातील सोबती.

वर ५६५ हा आकडा आला आहे, म्हणून हेही लिहितो. अजिंक्यपद स्पर्धेत रिंग यांची कमाई ३३-२०८ आहे. एकूण गुण ३०७ होतात, म्हणजे शेफलिनपेक्षा पुष्कळ कमी. पण गोल मोजा. रिंग यांचे ३३ आणि शेफलिनचे २७. तेही सामना साठ मिनिटांचा असताना, डोक्यावर शिरस्त्राण नसताना आणि पावसात भिजून जड होणाऱ्या चेंडूने. दांडीवरून चेंडू मारणे आणि गोलरक्षकासह उभ्या असलेल्या घोळक्यातून तो जाळ्यात घालणे यांत फरक आहे. आणि धागाकर्त्यांच्या दंडकाला रिंग हे स्वतःच अपवाद आहेत: ते क्लॉईनचे, पण क्लब हर्लिंग खेळले ते कॉर्क शहरातील ग्लेन रोव्हर्सकडून.

निवृत्त_पंच

मी आयुष्यभर हॉकीच्या मैदानावर शिट्टी वाजवली. मुलीकडे लिमरिकला येऊ लागल्यापासून हर्लिंग पाहतो, म्हणून थोडे लिहितो.

काउंट्या आधी आपापल्या प्रांतात खेळतात आणि तेथून ऑल-आयर्लंडच्या पुढील सामन्यांत जातात. रिंग यांच्या काळी ही स्पर्धा निव्वळ बाद पद्धतीची होती. मन्स्टरमध्ये एक सामना हरलात की त्या वर्षाचे हर्लिंग संपले. त्यामुळे १९४९ ते १९५१ या तीन वर्षी टिपेररीने कॉर्कला मन्स्टरमध्येच अडवले, तेव्हा ऐन भरात असलेल्या रिंग यांना ऑल-आयर्लंडच्या पुढील सामन्यांत पाऊल ठेवता आले नाही. १९९७ पासून प्रांतिक पातळीवर हरलेल्यांना दुसरी संधी मिळू लागली आणि शेफलिनची सारी कारकीर्द या सवलतीच्या काळातली आहे. पंचाच्या नजरेतून पाहिले तर दोन वेगळ्या नियमांखाली मिळालेली पदके एका तराजूत घालू नयेत.

काळीपिवळी

पंचसाहेब, मुद्दा मान्य. परंतु तो शेफलिनला किती लागू होतो, हे मोजून पाहिले तर निराळेच चित्र दिसते. त्याच्या दहा अजिंक्यपदांपैकी नऊ वर्षी किलकेनीने लेन्स्टर प्रांतही जिंकला होता आणि स्पर्धेत एकही सामना गमावला नव्हता. म्हणजे जुन्या बाद पद्धतीतही ती नऊ पदके जशीच्या तशी मिळाली असती. सवलतीचा लाभ झाला तो फक्त २०१२ मध्ये, कारण त्या वर्षी लेन्स्टरच्या अंतिम सामन्यात गॅलवेने आम्हाला झोडपले होते. ते एक वजा केले तरी नऊ उरतात, आणि नऊ हे आठापेक्षा जास्तच असतात.

रिबेलकाठ

लेन्स्टर जिंकणे म्हणजे काय, हेही त्याबरोबर सांगायला हवे. शेफलिनच्या काळातील बरीच वर्षे त्या प्रांतात किलकेनीला खऱ्या अर्थाने झुंजवणारा संघ क्वचितच असे. २००४ मध्ये वेक्सफर्डने हरवले, ती एवढी मोठी बातमी झाली यातच सारे आले. गॅलवेसारखा संघ लेन्स्टरमध्ये खेळू लागला तो २००९ पासून. मन्स्टरमध्ये मात्र कॉर्क, टिपेररी, क्लेअर, लिमरिक आणि वॉटरफर्ड दरवर्षी एकमेकांना ओरबाडत असत.

मध्यरेषा

चर्चा अपेक्षेप्रमाणे पदकांच्या मोजणीवर आली आहे आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. या मोजणीने कोणाचे काय होते, ते पाहा. वॉटरफर्डचा जॉन मलेन पाच वेळा ऑल स्टार निवडला गेला, म्हणजे पाच हंगामांत तो देशातील पहिल्या पंधरांत होता, आणि त्याच्याकडे ऑल-आयर्लंडचे एकही पदक नाही. २००८ च्या अंतिम सामन्यात तो किलकेनीसमोर उभा होता आणि निकाल ३-३० विरुद्ध १-१३ असा लागला. गॅलवेच्या जो कॅनिंगला आख्ख्या कारकिर्दीत एकच पदक मिळाले, २०१७ चे. याच कॅनिंगने २०२१ मध्ये शेफलिनची ५६५ गुणांची नोंद ओलांडली आणि काही दिवसांतच निवृत्ती घेतली. दहा आणि एक हे या दोघांमधील अंतर खरे आहे, असे येथे कोणी म्हणेल काय?

शंकेखोर

गुणांचा तो विक्रमही आता कॅनिंगकडे नाही. कॉर्कचा पॅट्रिक हॉर्गन पुढे गेला आणि टी. जे. रीडही गेला. गंमत अशी की रीड हा बॅलीहेलचाच, शेफलिनच्याच क्लबचा. त्या गावाच्या पाण्यात काय आहे, याची तपासणी व्हावी.

उंबरठा

डब्लिनच्या उपनगरात आमचा मुलगा शाळेमार्फत गावच्या क्लबमध्ये खेळू लागला, त्यामुळे मला या खेळाची ओळख दोन्ही बाजूंनी झाली: एकीकडे फुटलेल्या नखांची आणि दुसरीकडे शेफलिनच्या नावाची. मुलांना शिकवणारे गृहस्थ स्वतः वेक्सफर्डचे आहेत, तेव्हा किलकेनीचे कौतुक करण्याचे त्यांना काहीच कारण नाही. तरीही ते मुलांना शेफलिनची उदाहरणे देतात, आणि लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ती गुणांची नसतात. प्रतिस्पर्धी फटका मारण्यासाठी हर्ली मागे नेतो, तेव्हा पाठीमागून आपली हर्ली अडकवून तो फटका अडवायचा. समोरून येणारा फटका वाकून, हात पुढे घालून रोखायचा. आणि चेंडू गमावल्यावर डोके खाली न घालता लगेच वळून धावत सुटायचे. ‘आघाडीचा खेळाडू हा पहिला बचावपटू असतो’ हे वाक्य मी कुंपणाबाहेर उभी राहून पुष्कळदा ऐकले आहे.

हे पाहिल्यावर मला असे वाटू लागले की शेफलिनच्या खेळातील मोठा भाग कोणत्याही तक्त्यात येत नाही. त्याच्याइतका वेग असलेले खेळाडू पुष्कळ होते, त्याच्यापेक्षा मनगट अधिक लवचिक असलेलेही होते; त्याच्याच संघातील डी. जे. कॅरी यांचा खेळ पाहिलेले लोक तसे उघड म्हणतात. शेफलिनविषयी लहानपणी कोणी भाकिते केली नव्हती. तो घडला तो हळूहळू, वॉटरफर्डच्या महाविद्यालयात फिट्झगिबन कप ही महाविद्यालयीन स्पर्धा खेळत असताना.

सुतारपक्षी

उंबरठाताई, मुलासाठी हर्ली घेताना तिच्या वरच्या टोकाचे माप कमरेच्या हाडापर्यंत घ्यावे. उंची वाढेल म्हणून मोठी घेऊन ठेवली तर मनगटाची सवय बिघडते. आणि पात्याचा बाक पाहून घ्यावा. चांगली हर्ली अ‍ॅश झाडाच्या अगदी बुंध्यातून, मुळाकडे वळणाऱ्या भागातून कापतात, म्हणजे लाकडाचे धागे पात्याच्या वळणाबरोबर वळतात आणि ती सहजी मोडत नाही. सध्या अ‍ॅशवर बुरशीचा रोग पसरला आहे, त्यामुळे तसा बुंधा मिळणे दुरापास्त होत चालले आहे.

धाग्याशी संबंध असा की शेफलिनसारखा फ्री मारणारा खेळाडू ज्या हर्लीवर जीव टाकतो, तीही सामन्यात एका टकरीत दुभंगते आणि कडेला उभा असलेला माणूस दुसरी फेकतो. दोन हर्लींचे वजन आणि तोल कधीच तंतोतंत सारखे नसतात. तरीही १५ वर्षे तेच सातत्य राहते, याला केवळ काउंटीचे भाग्य म्हणता येणार नाही.

आडवी_दांडी

कोडी यांचे नाव अजून कसे आले नाही? ब्रायन कोडी १९९८ च्या अखेरीस किलकेनीचे व्यवस्थापक झाले आणि २०२२ पर्यंत राहिले. ११ अजिंक्यपदे. शेफलिन त्यांच्या पहिल्याच हंगामात संघात आला. ही दहा पदके कोडी यांच्या शिस्तीची आहेत. नंतर शेफलिन गॅलवेचा व्यवस्थापक झाला आणि २०२२ मध्ये सामना संपल्यावर या दोघांनी जे हस्तांदोलन केले, ते पाहून तर

व्यवस्थापक

हस्तांदोलनाचा विषय येथे थांबवत आहोत. धागा खेळाडू म्हणून झालेल्या कारकिर्दीविषयी आहे. आडवी_दांडी यांचे उर्वरित वाक्य संपादित केले आहे.

आडवी_दांडी

दांडीवरून मारला होता, तुम्ही जाळ्यात अडवलात. असो. कोडी यांचा मुद्दा कायम आहे.

निवृत्त_पंच

कोडी यांच्या संघात नाव पाहून जागा मिळत नसे, हे सर्वश्रुत आहे. तेव्हा तेथे १५ वर्षे टिकणे याचे श्रेय व्यवस्थापकाच्या खात्यात टाकणे उलटे होईल. मला मात्र एक वेगळी शंका आहे. २०१४ च्या अंतिम सामन्यात आणि त्याच्या फेरसामन्यात शेफलिन शेवटी शेवटी राखीव खेळाडू म्हणून आला. दहावे पदक ‘मैदानात उतरून’ मिळाले हे अक्षरशः खरे आहे. पण पहिल्या नऊंच्या बरोबरीने ते मोजावे काय?

काळीपिवळी

२०१३ मध्ये काय झाले होते, ते ठाऊक असेल तर हा प्रश्न पडणार नाही. पायाच्या दुखापतीतून तो सावरत होता, आणि थर्ल्समध्ये कॉर्कविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात दुसरे पिवळे कार्ड मिळून त्याला मध्यंतरापूर्वीच बाहेर जावे लागले. किलकेनी हरली. एवढ्या कारकिर्दीत अजिंक्यपद स्पर्धेत बाहेर काढले जाण्याची ती पहिलीच वेळ होती. मैदान सोडताना प्रेक्षकांनी, कॉर्कच्या प्रेक्षकांनीसुद्धा, उभे राहून टाळ्या वाजवल्या. तेथेच थांबला असता तर कोणी नावे ठेवली नसती. पस्तीस वर्षांचा माणूस आणखी एक हिवाळा चिखलात सराव करतो आणि बाकावर बसायला तयार होतो, ते पदक मला पहिल्या नऊंपेक्षा कमी वाटत नाही.

रिबेलकाठ

टाळ्या वाजवल्या, हे खरे आहे. आम्ही जिंकत होतो, हेही एक कारण होते.

लिफीकाठ

२०१२ चा पहिला अंतिम सामना मी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात, गॅलवेच्या समर्थकांमध्ये बसून पाहिला. तिकीट तेथलेच मिळाले होते. लेन्स्टरमध्ये गॅलवेने किलकेनीला लोळवून दोन महिने झाले होते, कॅनिंगने सुरुवातीलाच गोल मारला आणि मध्यंतराला आमच्या रांगेतील लोक एकमेकांना मिठ्या मारीत होते. गॅलवेला १९८८ नंतर अजिंक्यपद मिळालेले नव्हते.

दुसऱ्या सत्रात शेफलिन गोलापासून लांब, मैदानाच्या मधल्या भागाकडे सरकू लागला. टीव्हीवर हे नीट दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूबरोबर फिरतो. वरून मात्र दिसत होते, की किलकेनीचा गोलरक्षक चेंडू मारण्यापूर्वीच तो चालत, अगदी सावकाश, चेंडू पडणार त्या जागी जाऊन उभा राहत आहे. प्रत्येक वेळी त्याच्याच हातात चेंडू पडला असे नाही; पण तो जेथे होता तेथे गॅलवेच्या खेळाडूला मोकळा झेल मिळाला नाही. खाली पडलेल्या चेंडूवर चार हर्ली एकदम आपटत, त्यातून चेंडू बाहेर येई आणि बऱ्याचदा फ्री मिळे. ती फ्री मारण्यासाठी तो पुन्हा तितक्याच सावकाश चालत जाई. आमच्या पुढच्या रांगेतील एक वृद्ध गृहस्थ दर वेळी टोपी डोळ्यांवर ओढून घेत.

किलकेनीच्या एकूण ०-१९ पैकी बारा गुण शेफलिनचे होते. शेवटी शेवटी पेनल्टी मिळाली. त्या काळी पेनल्टीच्या वेळी गोलरेषेवर तिघे उभे राहत. त्याने ती जाळ्याकडे न मारता दांडीवरून मारली आणि एका गुणाची आघाडी घेतली. मग कॅनिंगने अगदी अखेरच्या क्षणी फ्रीवर बरोबरी साधली: २-१३ आणि ०-१९. फेरसामना किलकेनीने सहज जिंकला, परंतु तो सामना पदार्पण करणाऱ्या वॉल्टर वॉल्शचा म्हणून लक्षात राहिला आहे.

हॉकीवेडा

पेनल्टी दांडीवरून? २००९ मध्ये टिपेररीविरुद्धच्या अंतिम सामन्यात याच माणसाने शेवटच्या दहा मिनिटांत पेनल्टीवर गोल मारून सामना फिरवला होता ना? मग २०१२ मध्ये कच का खाल्ली?

लिफीकाठ

२००९ मध्ये किलकेनी पिछाडीवर होती आणि टिपेररीचा एक खेळाडू बाहेर गेलेला होता. गोल हवाच होता. २०१२ मध्ये बरोबरी होती आणि एक गुण आघाडीला पुरेसा होता. त्या निर्णयावर आयर्लंडमध्ये अजूनही वाद होतो. माझ्या मते त्याने योग्य केले. कॅनिंगची ती शेवटची फ्री चुकली असती तर हा प्रश्न कोणी विचारलाच नसता.

शंकेखोर

धागाकर्त्यांना पुन्हा स्मरण करून देतो की दुसरे माप कोणते, हे अजून कळलेले नाही.

मध्यरेषा

शंकेखोर, उत्तर टाळत नव्हतो. उंबरठा आणि लिफीकाठ यांचे प्रतिसाद येण्याची वाट पाहत होतो, असे समजा.

माझ्या दृष्टीने शेफलिनची खरी ओळख त्याच्या गुडघ्यांपाशी आहे. २००७ मध्ये तो कर्णधार होता. लिमरिकविरुद्धच्या अंतिम सामन्यात गुडघ्याचा क्रूशिएट लिगामेंट फाटला आणि मध्यंतरानंतर तो मैदानात येऊ शकला नाही. त्या उन्हाळ्यात संघाचे गोलरक्षक जेम्स मॅकगॅरी यांच्या पत्नीचे अपघाती निधन झाले होते. किलकेनी जिंकल्यावर शेफलिन त्या अवस्थेत पायऱ्या चढून गेला आणि मॅकगॅरी यांच्या लहान मुलाला सोबत घेऊन त्याने चषक उंचावला. पुढच्या वर्षीच्या अजिंक्यपद स्पर्धेत तो पुन्हा संघात होता.

२०१० मध्ये कॉर्कविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पुन्हा क्रूशिएट गेला, या वेळी दुसऱ्या पायाचा. अंतिम सामना चार आठवड्यांवर होता आणि सलग पाचवे अजिंक्यपद समोर दिसत होते. तो धावू शकतो का, हे पाहण्यासाठी किलकेनीच्या नोलन पार्क मैदानात सरावाला हजारो लोक जमले. त्याने शस्त्रक्रिया पुढे ढकलली, अंतिम सामन्यात सुरुवात केली आणि तेरा-चौदा मिनिटांत त्याला बाहेर यावे लागले. टिपेररीच्या लार कॉर्बेटने तीन गोल केले आणि ४-१७ विरुद्ध १-१८ असा निकाल लागला.

आता आपण काउंटीचे श्रेय वेगळे काढू. तोच संघ, तेच कोडी, तीच काउंटी. शेफलिन नसताना पाचवे अजिंक्यपद हुकले. एका सामन्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, शिवाय त्या दिवशीची टिपेररी फारच चांगली होती. पण २०१२ चा पहिला सामना त्याच्या शेजारी ठेवला, म्हणजे किलकेनी सरस नसतानाही तो मैदानात असल्यामुळे हार टळली, तर मला हवे असलेले माप हाती येते. ज्या दिवशी संघ मागे पडलेला असतो त्या दिवशी खेळाडू काय करतो, ते पाहायचे. या मापाने मलेन आणि कॅनिंग यांनाही न्याय मिळतो, कारण त्यांना असे दिवस शेफलिनपेक्षा कितीतरी अधिक वाट्याला आले.

काळीपिवळी

म्हणजे फिरून फिरून आपण शेफलिन मोठा, येथेच आलात. मग दहा पदके काढून घेण्याची एवढी खटपट कशासाठी?

मध्यरेषा

पदके त्याचीच राहू द्यावीत. २५ मार्च २०१५ रोजी त्याने निवृत्ती जाहीर केली तेव्हाचा आठवडा आठवा. १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, तो बॅलीहेलबरोबर क्लबचे ऑल-आयर्लंड अजिंक्यपद जिंकला होता. ते त्याचे क्लबकडून तिसरे, २००७ आणि २०१० नंतरचे. समोर किलमॅलक हा क्लब होता. ११ वेळा ऑल स्टार आणि तीन वेळा वर्षातील सर्वोत्तम हर्लर ठरलेला माणूस त्या दिवशी ज्या मुलांबरोबर खेळत होता, त्यांतील काहींचा जन्म होण्यापूर्वीच तो हर्ली धरू लागला होता.

रिबेलकाठ

मापाबद्दल माझी हरकत नाही. पण ते रिंग यांना लावता येत नाही, ही अडचण आहे. आयर्लंडची स्वतःची दूरचित्रवाणी सुरू झाली १९६१ च्या अखेरीस, म्हणजे रिंग यांच्या शेवटच्या दिवसांत. १९४६ च्या अंतिम सामन्यात किलकेनीचे खेळाडू मागे टाकीत त्यांनी चेंडू हर्लीवर तोलत नेला आणि गोल केला, तो लोकांनी पाहिला नाही; मायकेल ओ’हेहिर यांच्या रेडिओवरील समालोचनातून ऐकला. लिफीकाठ यांनी वर लिहिले आहे तसे, चेंडू नसताना रिंग कोठे उभे राहत, हे आता कोण सांगणार? लोकांच्या आठवणीत गोल राहिले, चालणे राहिले नाही.

निवृत्त_पंच

लिमरिकमध्ये आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, नव्वदीच्या घरातले. त्यांनी रिंग यांना थर्ल्सच्या मैदानावर लिमरिकविरुद्ध खेळताना पाहिले आहे आणि त्यांच्या मनात रिंग यांच्याविषयीचा राग अजून ताजा आहे. रविवारी त्यांना हा प्रश्न विचारतो आणि येथे लिहितो.

शंकेखोर

विचारताना त्यांच्या हातात काठी नाही ना, ते पाहून घ्यावे.